डाळिंबाचे मूल्य आणि शेतकऱ्याचे मोल

बारामती-इंदापूर म्हटले की निरेचा डावा कालवा आणि ऊस डोळ्यांपुढे येतो. परंतु कऱ्हाकाठच्या कऱ्हाटीसारख्या जिराईत टापूचे अर्थकारण निराळे आहे. अशा भूमीला थोड्या पाण्यावर तगणाऱ्या डाळिंबाने आशा दाखविली. डॉ. चीमा यांनी १९३६ मध्ये पुण्यात निवडलेला ‘गणेश’ वाण, १९९० ची रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना आणि पुढे आलेला ‘भगवा’ यांनी महाराष्ट्राला या फळात देशात अग्रस्थानी नेले.

तथापि फळांच्या उत्पादनमूल्याचे दीर्घकालीन आकडे वाचताना सावध राहिले पाहिजे. मूल्य म्हणजे वजन गुणिले भाव. चालू भावाने काढलेले मूल्य महागाईमुळेही फुगते. खरी वाढ कळते ती स्थिर भावाने. शिवाय तेल्या रोगाने बागा बसल्या की आवक घटते, भाव चढतात आणि एकूण मूल्य फारसे ढळत नाही. ज्याची बाग वाचली त्याचे साधते. ज्याने कर्ज काढून लावलेली झाडे उपटून जाळली, त्याच्या पदरी काय पडले, हे ती बेरीज सांगत नाही. उलट पीक उदंड आले की भाव कोसळतात आणि तोडणीचाही खर्च निघेनासा होतो.

म्हणून मूल्याच्या शेजारी औषधे, मजुरी, पाणी आणि व्याज यांचा खर्चही मांडावयास हवा. चढती रेषा ही राज्याची शोभा असेल. शेतकऱ्याचे जगणे मात्र खर्च वजा जाता उरलेल्या शिलकीवर चालते.