शाळेची हद्द, घराची किंमत

अमेरिकेत घर घ्यायला निघालेलं आपल्याकडचं जोडपं स्वयंपाकघर नंतर बघतं, शाळा आधी बघतं. घरविक्रीच्या संकेतस्थळांवर घराच्या फोटोंखालीच त्या पत्त्याला लागू असलेल्या तीन सरकारी शाळांची नावं असतात, प्राथमिक, मिडल आणि हायस्कूल. प्रत्येकीपुढे दहापैकी गुण दिलेले असतात. तिथली सरकारी शाळा फुकट असते, पण तिच्यात प्रवेश हवा तर तिच्या हद्दीत राहावं लागतं. म्हणजे फी असतेच. ती घराच्या किमतीत मिसळलेली असते, इतकंच. सँड्रा ब्लॅक या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९९९ साली बॉस्टनच्या उपनगरांतल्या घरांच्या किमती तपासल्या. वस्ती एकच, पण शाळेच्या हद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे असलेली घरं त्यांनी निवडली. परीक्षेचे गुण पाच टक्क्यांनी जास्त असलेल्या शाळेच्या बाजूचं घर सुमारे अडीच टक्क्यांनी महाग निघालं.

असं घर तीस वर्षांचं कर्ज काढून घेतलं आणि चार वर्षांनी शाळा मंडळाने हद्द सरकवली, तर? घर तिथंच, रस्ता तोच, पण मुलाची शाळा बदलली. २०१९ साली मेरिलंड राज्यातल्या हॉवर्ड काउंटीत हे हजारो घरांच्या बाबतीत होऊ घातलं आणि एरवी सौजन्यासाठी ओळखली जाणारी ही काउंटी काही महिने पेटून उठली. बाल्टिमोर आणि वॉशिंग्टन यांच्या मधोमध असलेल्या या काउंटीत दर पाच माणसांमागे जवळपास एक आशियाई वंशाचा आहे, आणि त्यात भारतीय कुटुंबं बरीच. त्यामुळे त्या वर्षी पुण्या-ठाण्यातल्या अनेक आजी-आजोबांच्या कानांवरही फोनवरून ‘पॉलिगॉन’ हा शब्द पडला असेल.

पॉलिगॉन म्हणजे नकाशावरचा तुकडा. शाळा मंडळाने सगळ्या काउंटीचे असे छोटे तुकडे पाडून त्यांना क्रमांक दिले आहेत. शाळेची हद्द म्हणजे अशा तुकड्यांची गोळाबेरीज. हद्द बदलायची म्हणजे काही तुकडे एका शाळेच्या खात्यातून काढून दुसरीच्या खात्यात टाकायचे. त्या वर्षी माणसं सभांमध्ये आपली ओळख गल्लीच्या नावाने कमी आणि पॉलिगॉनच्या क्रमांकाने जास्त करून देत होती.

हद्दी बदलायचं मुख्य कारण होतं शाळांतली गर्दी. ती का झाली, ते पाहू. १९६०च्या जनगणनेत हॉवर्ड काउंटीची लोकसंख्या सुमारे ३६ हजार होती. २०२० मध्ये ती ३ लाख ३२ हजारांवर गेली. शेतजमिनीची काउंटी साठ वर्षांत नऊपट झाली. पण ही वाढ सगळीकडे सारखी नाही. पूर्वेकडे नळाचं पाणी आणि सांडपाण्याच्या वाहिन्या आहेत, म्हणून तिथे इमारती उभ्या राहिल्या. पश्चिमेकडे शेती राखण्याचं धोरण आहे. घरं मोठमोठ्या भूखंडांवर, स्वतःच्या विहिरीवर आणि सेप्टिक टाकीवर चालणारी. परिणाम असा, की पूर्वेकडच्या शाळांत पाय ठेवायला जागा नाही आणि पश्चिमेकडच्या काही हायस्कुलांत बाकं रिकामी.

गर्दीच्या शाळेच्या आवारात पत्र्याच्या पेटीसारख्या फिरत्या वर्गखोल्या आणून ठेवतात. तिथे त्यांना पोर्टेबल म्हणतात. ‘तात्पुरत्या’ म्हणून आलेल्या या खोल्यांत पोरांच्या दोन-दोन पिढ्या शिकून जातात. जेवणघर पुरत नाही, म्हणून पहिल्या तुकडीला सकाळी साडेदहालाच दुपारचं जेवण. संगीताची खोली गणिताला जाते आणि संगीतशिक्षक ढकलगाडीवर वाद्यं घेऊन वर्गावर्गात हिंडतात. हॉवर्डच्या मंडळाच्या धोरणानुसार शाळेतली पटसंख्या क्षमतेच्या ९० ते ११० टक्क्यांच्या आत असावी. बिल्डरांनाही चाप आहे. जिथली शाळा ठरलेल्या टक्केवारीच्या वर भरली आहे तिथे नव्या घरांना काही वर्षं थांबावं लागतं. २०१९ पासून ही मर्यादा प्राथमिकला १०५, मिडलला ११० आणि हायस्कूलला ११५ टक्के आहे. पण मुलं काही फक्त नव्या इमारतींतून येत नाहीत. मुलं शिकून बाहेर पडली की म्हातारं जोडपं घर विकतं आणि तिथे दोन पोरांचं तरुण कुटुंब येतं. नकाशावर एक वीटही हलत नाही, शाळेत मात्र दोन बाकं वाढतात. या वाढीला कोणताच चाप नाही.

मग नवी शाळा बांधा, असं कुणीही म्हणेल. काउंटीने ते ठरवलंही होतं. पण तेरावं हायस्कूल प्रत्यक्ष उघडलं ते २०२३ साली, जेसप गावात, गिलफर्ड पार्क या नावाने. जागा शोधण्यात, पैसे उभे करण्यात आणि बांधण्यात वर्षं जातात. पश्चिमेकडे रिकाम्या जागा असताना राज्य सरकार नव्या बांधकामाला पैसे देताना हात आखडता घेतं, हा आणखी एक पेच. म्हणून हद्दीला हात लावावाच लागतो. २०१७ मध्ये प्राथमिक आणि मिडल शाळांच्या हद्दी बदलल्या गेल्या, हायस्कुलांचा अवघड प्रश्न पुढे ढकलला गेला. जे ढकललं ते दोन वर्षांनी दुप्पट होऊन समोर आलं.

२०१९च्या ऑगस्टमध्ये शाळांचे अधीक्षक मायकेल मार्टिरानो यांनी सुमारे ७,४०० विद्यार्थ्यांना दुसऱ्या शाळांत हलवण्याचा आराखडा मांडला. त्यात हेतू तीन होते: गर्दी वाटून टाकणं, येणाऱ्या तेराव्या हायस्कूलची तयारी करणं, आणि गरीब घरांतली मुलं मोजक्याच शाळांत एकवटली आहेत ती विखुरणं. खरा भडका तिसऱ्या हेतूने उडाला. त्याच सुमाराला काउंटी कौन्सिलच्या तीन सदस्यांनी, ओपेल जोन्स, क्रिस्टियाना मर्सर रिग्बी आणि डेब जंग यांनी, शाळांमधली वर्गीय आणि वांशिक विभागणी मोडा, असा ठराव आणला. हद्दी ठरवण्याचा कौन्सिलला अधिकार नाही, तो शाळा मंडळाचा. पण ठरावाने ठिणगी टाकली.

कोलंबिया हे या काउंटीतलं मोठं शहर आणि त्याची कथा इथे महत्त्वाची आहे. जेम्स राऊझ या विकसकाने ते १९६७ साली वसवलं, आणि काळे-गोरे, गरीब-श्रीमंत शेजारी राहतील असं शहर म्हणून वसवलं. दक्षिणेकडच्या राज्यांत शाळांच्या दारांवरून अजून झगडे चालू होते, तो हा काळ. राऊझने शहराचे ‘व्हिलेज’ नावाचे भाग पाडले. प्रत्येकात लहान-मोठी, स्वस्त-महाग घरं एकत्र असावीत, घराघरापुढे वेगळी पत्रपेटी न ठेवता ती एका जागी असावी, म्हणजे पत्र आणायला गेल्यावर तरी शेजारी भेटतील, इतका बारीक विचार त्यामागे होता. पहिलं व्हिलेज वाइल्ड लेक, शेवटचं रिव्हर हिल. अर्ध्या शतकानंतर वाइल्ड लेक हायस्कूलमध्ये शंभरातली चाळीसहून जास्त मुलं सवलतीच्या जेवणाला पात्र म्हणजे अल्प उत्पन्न गटातली होती. रिव्हर हिल हायस्कूलमध्ये हाच आकडा पाचाच्या आसपास. दोन्ही शाळांमध्ये मोटारीने काही मिनिटांचं अंतर. पत्रपेट्या एकत्र ठेवून जे साधायचं होतं ते शाळेच्या हद्दीने पुसून टाकलं.

सुनावण्या रात्री उशिरापर्यंत चालल्या, हजारोंनी लेखी निवेदनं आली. काउंटीच्या ग्रंथालयाने २००६ साली सौजन्याची मोहीम सुरू केली होती आणि ‘चूज सिव्हिलिटी’ असं लिहिलेली चिकटपट्टी इथल्या असंख्य गाड्यांच्या मागे असते. त्याच गाड्यांतून उतरून माणसं एकमेकांवर ओरडत होती, हे न्यूयॉर्क टाइम्ससारख्या वृत्तपत्रालाही नोंदवावंसं वाटलं.

विरोध करणाऱ्या सगळ्यांना एकाच माळेत ओवणं अन्यायाचं होईल. चालत शाळेत जाणाऱ्या मुलाला बसने लांब का पाठवायचं, हा प्रश्न खरा आहे. नववीत जमलेली मैत्री दहावीत तोडायची, हा त्रासही खरा. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही, नातेवाईक ज्यांचे सातासमुद्रापार आहेत, अशा स्थलांतरित कुटुंबाचं गणगोत म्हणजे शाळेतले इतर पालकच असतात. आम्ही पोट मारून, लहान घर घेऊन, फक्त या शाळेसाठी इथे आलो, असं सांगणारे चिनी, कोरियन आणि भारतीय पालक खोटं बोलत नव्हते.

पण त्यांचा एक मुद्दा मला पटत नाही, आणि नेमका तोच सर्वांत ठासून मांडला जात होता: आम्ही या शाळेचे पैसे भरले आहेत. हे त्यांनी घर विकणाऱ्याला भरले, शाळेला नाहीत. मेरिलंडमध्ये शाळा काउंटीच्या असतात आणि कर सगळ्या काउंटीतून गोळा होतो. पूर्वेकडच्या भाड्याच्या खोलीत राहणारी बाईही रिव्हर हिलच्या शिक्षकांच्या पगाराला हातभार लावतेच. हद्द मंडळाची आहे, घराच्या खरेदीखतात ती लिहिलेली नसते. गर्दीबद्दल मात्र कुणी भांडलं नाही, हेही ध्यानात घ्यायला हवं. शाळा भरल्या आहेत, हे सगळ्यांना मान्य होतं. वाद होता, आपल्या मुलाच्या शेजारच्या बाकावर कोण बसणार, याचा.

यामागे कायद्याचा सत्तर वर्षांचा इतिहास आहे. १९५४ साली ‘ब्राऊन’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. पण १९७४ साली डेट्रॉइटच्या ‘मिलिकन’ खटल्यात त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं, की उपनगरांच्या स्वतंत्र शाळा मंडळांनी भेदभाव केल्याचं सिद्ध झाल्याशिवाय त्यांना शहराच्या योजनेत ओढता येणार नाही. ज्यांना परवडलं ते गोरे उपनगरांत गेले आणि मंडळाची सीमा हीच भिंत झाली. २००७ साली सिएटल आणि लुइव्हिल यांच्या खटल्यात, एकेका मुलाचा वंश पाहून प्रवेश ठरवायलाही न्यायालयाने मनाई केली. त्या वेळी न्यायमूर्ती केनेडी यांनी स्वतंत्र निकालपत्रात एक फट ठेवली: कुठे कोण राहतं हे लक्षात घेऊन शाळांच्या हद्दी आखायला हरकत नाही. मंडळांच्या हाती उरलेल्या मोजक्या हत्यारांपैकी हे एक. आणि ते उचलायला निमित्त लागतं, ते निमित्त म्हणजे गर्दी. मेरिलंडमध्ये एक काउंटी म्हणजे एक मंडळ, त्यामुळे श्रीमंत आणि गरीब वस्त्या एकाच नकाशात येतात. गावागणिक मंडळ असलेल्या न्यू जर्सीसारख्या राज्यांत हा वाद क्वचितच होतो, कारण तिथे हलवायला रेषाच फारशा हाताशी नसतात. जिथे भांडण दिसतं तिथे निदान काही करण्याची शक्यता आहे, असं म्हणायला हरकत नाही.

२१ नोव्हेंबर २०१९ रोजी मंडळाने निर्णय घेतला. ७,४०० ऐवजी सुमारे ५,४०० मुलं हलणार होती. सगळ्यांत मोठी गंमत पुढेच आहे. नव्या हद्दी लागू झाल्या त्या २०२०च्या शालेय वर्षापासून, आणि ते वर्ष करोनामुळे घरबसल्या सुरू झालं. ज्या शाळेवरून माणसं मध्यरात्रीपर्यंत भांडली, तिची इमारत मुलांनी कित्येक महिने संगणकाच्या पडद्यावरही धड पाहिली नाही. आणखी एक गोष्ट सांगायला हवी: या मंडळावर विद्यार्थ्यांनी निवडून दिलेला एक सदस्य असतो, त्याला अनेक विषयांवर मत देता येतं. शाळांच्या हद्दी हा विषय मात्र कायद्यानेच त्याच्या मताबाहेर ठेवला आहे.

आपल्याकडे असा नकाशा नाही, म्हणून हा प्रश्न परका वाटू शकतो. परिसरातल्या सगळ्या मुलांनी एकाच शाळेत जावं, ही शेजारशाळेची कल्पना कोठारी आयोगाने १९६६च्या अहवालात मांडली होती; ती कागदावर राहिली. पुढे २००९चा शिक्षण हक्क कायदा आला आणि खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा वंचित मुलांसाठी ठेवल्या गेल्या. तिथे अंतर मोजलं जातं: अर्ज भरताना नकाशावर घर दाखवायचं आणि एक किलोमीटर, तीन किलोमीटरचा हिशेब व्हायचा. पैसे भरणारं मूल शाळेच्या बसने अर्धं पुणं ओलांडून आलं तरी कुणी विचारत नाही. अंतराचा काटा फक्त गरिबाच्या मुलाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने या कायद्याच्या नियमांत बदल केला, की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर विनाअनुदानित खासगी शाळेला या २५ टक्के जागा द्याव्या लागणार नाहीत. शहरांत अशी सरकारी शाळा जवळपास सगळीकडे असते. म्हणजे एका अधिसूचनेने वर्तुळ काढलं आणि बहुतेक खासगी शाळा त्याच्या आत सुखरूप बसल्या. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी हा बदल रद्द केला आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. रेषा हॉवर्डमध्ये सुनावण्या घेऊन सरकली. इथे राजपत्रातल्या एका परिच्छेदाने सरकली होती.

हॉवर्डच्या मंडळाचं चुकलं असेल तर ते एवढंच, की थोडं-थोडं आणि दर दोन वर्षांनी करायचं काम त्यांनी साचू दिलं आणि मग एका दमात केलं. पालकांचं चुकतं ते असं, की आपला पॉलिगॉन यादीत आल्याखेरीज ते सभेला फिरकत नाहीत. तिथे दरवर्षी जूनच्या सुमारास पुढच्या दहा वर्षांच्या पटसंख्येचे अंदाज आणि संभाव्य फेरबदल यांचा अहवाल प्रसिद्ध होतो. तुमची मुलगी, जावई, भाऊ तिथे घर बघत असतील, तर त्यांना शाळेचे दहापैकी गुण बघण्याआधी हा अहवाल उघडून बघायला सांगा.