अंगणातले विष, अंगणातले औषध

भुसावळ परिसरातील झाडांची ‘विषारी’ आणि ‘औषधी’ अशी सरळ वाटणी करता येत नाही. अंगणातली कण्हेर, उकिरड्यावरचा धोतरा, बांधावरचा एरंड, यावल-रावेरकडच्या सातपुड्यातला बिब्बा या सगळ्यांत विषही आहे आणि औषधही. झाडाला जागा सोडून पळता येत नाही. म्हणून किडी आणि जनावरांपासून वाचण्यासाठी ते पानांत, बियांत, चिकात तीव्र रसायने साठवते. तीच रसायने माणसाच्या हृदयावर, मज्जातंतूंवर आणि पेशींवर परिणाम करतात. हा परिणाम नेमक्या मात्रेत घडवला तर औषध होते, मात्रा सुटली की विषबाधा. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी अगदतंत्र हे अंग विषचिकित्सेचेच आहे आणि सुश्रुतसंहितेचे कल्पस्थान याच विषयाला वाहिलेले आहे.

मे महिन्यात भुसावळचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हाही कण्हेर फुललेली असते. तिला पाणी कमी लागते आणि शेळ्या-गुरे सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून ती बागांत आणि महामार्गांच्या दुभाजकांवर लावली जाते. तिच्या सर्व भागांत ओलिअँड्रिन हे हृदयावर काम करणारे द्रव्य असते. पिवळ्या फुलांची बिट्टी तिच्याच कुळातली. तिच्या बियांशी मुले खेळतात, पण त्या बियांत याच प्रकारची विषे असतात. ही द्रव्ये हृदयाच्या पेशींतील सोडियम आणि पोटॅशियमचा तोल बिघडवतात. उलट्या होतात, नाडी मंदावते, ठोके अनियमित होतात. हृदयविकारात दिले जाणारे डिगॉक्सिन याच गटातले औषध आहे. त्याची उपयुक्त आणि घातक मात्रा यांत फार थोडे अंतर असते, म्हणून ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घेतले जाते.

महाशिवरात्रीला महादेवाला वाहिल्या जाणाऱ्या धोतऱ्यात अ‍ॅट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन असते. बी पोटात गेले तर तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, ताप चढतो आणि माणूस असंबद्ध बडबडू लागतो. पण कापूस आणि केळीच्या या पट्ट्यात अ‍ॅट्रोपिनचे मोल मोठे आहे. ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची फवारणी करताना शेतकऱ्याला विषबाधा झाली, तर रुग्णालयात अ‍ॅट्रोपिनचेच इंजेक्शन दिले जाते.

मुलांना सर्वांत मोठा धोका बियांचा असतो. कुंपणाला लावलेल्या मोगली एरंडाच्या, म्हणजे चंद्रज्योतीच्या बिया चवीला बऱ्या लागतात. त्यामुळे मुले त्या शेंगदाण्यासारख्या खातात आणि काही वेळाने उलट्या-जुलाबांनी हैराण होतात. साध्या एरंडाच्या बियांत रिसिन हे जहाल प्रथिन असते. ते तेलात विरघळत नाही आणि उष्णतेने निकामी होते, म्हणूनच नीट काढलेले एरंडेल औषध म्हणून चालते. लाल-काळ्या गुंजेतील अ‍ॅब्रिन रिसिनच्याच जातीचे. सोनाराच्या तराजूत 8 गुंजांचा मासा आणि 12 माशांचा तोळा होत असे. गुंज अख्खी गिळली गेली तर कठीण सालीमुळे बहुधा तशीच बाहेर पडते. फोडलेली किंवा चावलेली मात्र प्राणघातक ठरू शकते.

मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात. पाने तोडताना निघणारा पांढरा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, म्हणून पाने खुडल्यावर हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नयेत. बिब्ब्याचे तेल कातडीला लागले की फोड येतात. त्याच फळातली गोडंबी मात्र लाडवात घालतात. एकाच फळाच्या दोन भागांत इतका फरक असतो.

दारातली सदाफुली मूळची मादागास्करची. तिच्यापासून 1950च्या दशकात व्हिन्ब्लास्टिन वेगळे करण्यात आले आणि पुढे व्हिन्क्रिस्टिन मिळाले. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर व्हिन्क्रिस्टिन आजही दिले जाते. हे औषध शुद्ध करून, मोजून, शिरेतून दिले जाते. सदाफुलीची पाने चावून किंवा काढा पिऊन तो गुण येत नाही, अपाय मात्र होऊ शकतो. पावसाळ्यात ज्वाळेसारखी फुलणारी कळलावीही अशीच. तिच्या कंदात कोल्चिसिन असते. गाऊट या सांधेदुखीवर ते अत्यल्प मात्रेत वापरतात. कंद खाणे मात्र जिवावर बेतते.

शेतात पिवळा धोतरा या काटेरी तणाचे बी मोहरीसारखे दिसते. खऱ्या धोतऱ्याशी त्याचे नाते नाही. त्याचे तेल मोहरीच्या तेलात मिसळल्याने 1998 साली दिल्लीत जलशोथाची मोठी साथ आली आणि अनेकांचे प्राण गेले. कोवळ्या ज्वारीच्या पोंग्यांत सायनाइड तयार होते, म्हणून गुरांना त्यात चरू देत नाहीत.

विषबाधेची शंका आली तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. तोंडातले तुकडे काढून टाकावेत, 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि खाल्लेल्या झाडाची फांदी किंवा बी सोबत न्यावे. डोळ्यात चीक गेल्यास स्वच्छ पाण्याने किमान 15 मिनिटे डोळा धुवावा आणि मग डॉक्टरांना दाखवावे. त्रास जाणवत नसला तरी कण्हेर, बिट्टी, गुंज किंवा एरंड खाल्ल्यावर दवाखान्यात जाणे टाळू नये, कारण लक्षणे उशिरा दिसू शकतात.

यासाठी झाडे तोडत सुटण्याची गरज नाही. शाळा आणि अंगणवाडीच्या कुंपणातून चंद्रज्योत आणि बिट्टी काढावी, मुलांना झाडे नावानिशी ओळखायला शिकवावीत आणि ऐकीव माहितीवर कोणताही काढा घेऊ नये. ज्या झाडाचे नाव, भाग आणि मात्रा ठाऊक नाही, ते औषध म्हणून तोंडात घालू नये.