करार संपला, आता खेळाडू कोणाचा?

ऑगस्ट २०२२ मध्ये कॅनडातील लंडन या शहरात (हे इंग्लंडमधील नव्हे, ओंटारिओ प्रांतातील लंडन) नाझेम कादरी हा हॉकीपटू स्टॅन्ले कप घेऊन आपल्या गावच्या मशिदीत गेला. बर्फावरील हॉकीतील हा सर्वात मानाचा चषक जिंकणारा तो पहिला मुस्लिम खेळाडू. त्याचे आजोबा लेबनॉनमधून येऊन या शहरात स्थायिक झाले होते. त्या दिवशीची छायाचित्रे पुष्कळ वाचकांनी पाहिली असतील. मात्र त्याच महिन्यात, मशिदीतील त्या समारंभाच्या काही दिवस आधी, कादरीने एका वेगळ्याच कागदावर सही केली होती. ज्या कोलोरॅडो संघातून त्याने चषक जिंकला, तो संघ सोडून तो कॅल्गरी संघात गेला. करार सात वर्षांचा, रक्कम ४ कोटी ९० लाख डॉलर.

जिंकून देणारा माणूस मालकाने जाऊ का दिला, आणि वयाची बत्तिशी गाठत आलेल्या माणसासाठी दुसऱ्या मालकाने सात वर्षांचे पैसे का मोजले, यावर त्या देशातील हॉकीशौकीन अजून वाद घालतात. वाद खेळाचा असला तरी मुळात तो कारागीर आणि मालक यांच्यातील कराराचा आहे. ज्याच्या कारखान्यात चार कसबी हात आहेत, त्याला तो समजून घेण्यासारखा आहे.

उचल नाही, तरी बांधलेला

आपल्याकडे कारागीर बांधून ठेवण्याचा जुना मार्ग म्हणजे उचल. रक्कम फिटेपर्यंत माणूस दुसऱ्याच्या दारात जाऊ शकत नाही. अमेरिका आणि कॅनडात मिळून चालणाऱ्या नॅशनल हॉकी लीगने (१९१७ साली स्थापन झालेल्या या लीगमध्ये आज ३२ संघ आहेत) उचल न देताच ही सोय करून घेतली होती. प्रत्येक करारात एक कलम असे की, मुदत संपली तरी खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राहील. म्हणजे करार संपला, देणे काही नाही, तरी माणूस मोकळा नाही. पगार ठरे तो मालक म्हणेल तो. डेट्रॉइटच्या टेड लिंडसे याने १९५७ साली खेळाडूंची संघटना उभी करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा त्याच वर्षी त्याची रवानगी शिकागोला करण्यात आली. बाकीच्यांना जो इशारा मिळायचा तो मिळाला.

ही गाठ सुटली ती कोणाच्या दयेने नाही, गिऱ्हाईक वाढल्याने. १९७२ साली वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही दुसरी लीग सुरू झाली आणि शिकागोचा बॉबी हल हा नावाजलेला खेळाडू दहा लाख डॉलर रोख बोनस घेऊन विनिपेगच्या नव्या संघात गेला. जुन्या लीगचे मालक कोर्टात गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फिलाडेल्फियाचे न्यायाधीश लिऑन हिगिनबॉथम यांनी निकाल दिला तो मालकांच्या विरुद्ध. त्या कलमाच्या जोरावर खेळाडूंना दुसऱ्या लीगमध्ये जाण्यापासून अडवता येणार नाही, असा त्याचा अर्थ होता. नवी लीग १९७९ साली बंद पडली आणि तिचे चार संघ जुन्या लीगमध्ये सामावले गेले. तोपर्यंत पगाराचा भाव मात्र कायमचा बदलला होता.

तीन पायऱ्या

आजची व्यवस्था जुनी गुलामी आणि पूर्ण मोकळीक यांच्या मधली आहे. कोवळ्या वयात आलेल्या खेळाडूचा पहिला करार साधारण तीन वर्षांचा, आणि त्याच्या पगाराला नियमानेच वरची मर्यादा. तो संपला की खेळाडू अर्धमुक्त होतो. संघाने ठरावीक किमान रकमेचा देकार वेळेत दिला की हक्क त्या संघाकडेच राहतो. दुसरा संघ जास्त रकमेचा देकार देऊ शकतो, पण मूळ संघाला सात दिवसांत तेवढेच देऊन माणूस राखता येतो. नाही राखला तर नवोदितांच्या वार्षिक निवडीतील काही पाळ्या भरपाई म्हणून मिळतात. ऑगस्ट २०२४ मध्ये सेंट लुईस संघाने एडमंटनच्या दोन तरुण खेळाडूंना असे देकार दिले. एडमंटनला ती रक्कम झेपली नाही, दोघेही गेले आणि हाती आल्या त्या एक दुसऱ्या आणि एक तिसऱ्या फेरीची पाळी.

सर्वसाधारणपणे वय २७ झाले किंवा लीगमध्ये सात हंगाम भरले की खेळाडू पूर्ण मोकळा. करार संपताच तो कुठेही जाऊ शकतो आणि मूळ संघाला भरपाई म्हणून काहीही मिळत नाही. मालकाला खरी झोप लागत नाही ती या तिसऱ्या पायरीवर.

मग श्रीमंत मालकाने दुप्पट पैसे देऊन माणूस ठेवावा, असे कोणी म्हणेल. ते आता शक्य नाही. पगारावरून झालेल्या तंट्यात २००४-०५ चा संपूर्ण हंगाम बुडाला. त्यातून जो समझोता झाला, त्याने प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा घातली. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती, २०२२-२३ मध्ये ८ कोटी २५ लाख. मर्यादा लीगच्या उत्पन्नाशी बांधलेली आहे, आणि २०१३ च्या समझोत्यापासून उत्पन्नाची वाटणी मालक आणि खेळाडू यांच्यात निम्मी-निम्मी आहे. मालकाची तिजोरी भरलेली असो वा नसो, थैली सर्वांची एकाच मापाची. एकाला जास्त दिले की दुसऱ्याचे कमी होते. त्यामुळे हिशेब केवळ 'हा माणूस किती मोलाचा' एवढाच उरत नाही. 'याला दिल्यावर बाकीच्या वीस जणांना काय उरते' हेही त्यात येते.

कोलोरॅडोने कादरीला जाऊ दिले ते याच हिशेबाने. चषकाच्या वर्षी त्याचा पगार ४५ लाख डॉलर होता आणि ७१ सामन्यांत गोल व गोलसाहाय्य मिळून त्याचे ८७ गुण झाले होते. अंतिम फेरीत मोडलेल्या अंगठ्यावर शस्त्रक्रिया करून तो परतला आणि चौथ्या सामन्यात जादा वेळेत विजयी गोल केला. इतक्या स्वस्तात इतके काम पुन्हा मिळणार नव्हते. शिवाय संघाचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू नेथन मॅकिनन याचा स्वस्त करार वर्षभरात संपत होता आणि त्याच्यासाठी जागा राखायची होती. सप्टेंबरमध्ये मॅकिननला वर्षाला १ कोटी २६ लाखांचा करार मिळाला. कृतघ्नता म्हणणाऱ्यांनी म्हणावे, आकड्यांपुढे इलाज नव्हता.

कॅल्गरीचा उन्हाळा

आता कॅल्गरीकडे येऊ, कारण शिकण्यासारखे जास्त तिथेच आहे. २०२१-२२ मध्ये हा संघ आपल्या विभागात पहिला आला. जॉनी गॉड्रो आणि मॅथ्यू काचक हे दोघे त्याचे आधारस्तंभ. दोघांचे करार एकाच उन्हाळ्यात संपत होते.

गॉड्रो तिसऱ्या पायरीवर होता, पूर्ण मोकळा. संघाने शेवटच्या दिवसापर्यंत बोलणी केली. त्या वेळच्या नियमाप्रमाणे स्वतःचा संघ आठ वर्षांचा करार देऊ शकत असे, बाहेरचा फक्त सात वर्षांचा, म्हणजे कॅल्गरीच्या हातात एक पत्ता जास्त होता. तरीही १३ जुलै २०२२ रोजी बाजार उघडला आणि गॉड्रोने कोलंबस संघाशी सात वर्षांचा, ६ कोटी साडेब्याऐंशी लाखांचा करार केला. कॅल्गरीच्या हाती शून्य. (हा गुणी खेळाडू ऑगस्ट २०२४ मध्ये सायकल चालवत असताना मोटारीच्या धडकेत भावासह मृत्युमुखी पडला.)

काचक अर्धमुक्त होता. त्याचा २०१९ चा करार अभ्यासण्याजोगा आहे. तीन वर्षांचे २ कोटी १० लाख, पण पैशांची वाटणी अशी की शेवटच्या वर्षाचा पगार ९० लाख. किमान देकार शेवटच्या पगारावर ठरत असल्याने २०२२ मध्ये त्याच्यावरचा हक्क टिकवायलाच मालकाला ९० लाख मोजणे भाग होते, आणि त्यानंतर वर्षभरात तो पूर्ण मोकळा झाला असता. एकूण रक्कम तीच, फक्त कोणत्या वर्षी किती हे ठरवून त्याने पुढच्या सौद्यात आपले पारडे जड करून ठेवले. काचकने मात्र एक सरळ गोष्ट केली. आपण येथे दीर्घ करार करणार नाही, हे संघाला आधीच कळवले. त्यामुळे कॅल्गरीला त्याची अदलाबदल करता आली. फ्लोरिडाकडून जोनाथन ह्युबर्डो, मॅकेन्झी वीगर, आणखी एक तरुण खेळाडू आणि पहिल्या फेरीची एक पाळी मिळाली.

शौकिनांचा राग जुलै महिन्यावर आहे. व्यवस्थापक ब्रॅड ट्रेलिव्हिंग यांनी गॉड्रोला हातचा का घालवला, असे ते विचारतात. आमच्या मते चूक जुलैची नाही, ती एक वर्ष आधीची. करारात वर्ष शिल्लक असताना एकतर नवा करार व्हायला हवा होता, नाहीतर अदलाबदल. हंगाम सुरू झाला, संघ जिंकू लागला, मग आपला सर्वोत्तम खेळाडू मध्येच कोण विकणार? दुकान जोरात चालू असताना मुख्य कारागिराशी हिशेबाचे बोलायला कोणालाच सवड नसते, आणि बोलणे नेमके तेव्हाच व्हायला हवे असते.

त्याहून मोठी चूक पुढची आहे. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. कॅल्गरीने ताक एका घोटात पिऊन टाकले. ह्युबर्डोच्या जुन्या करारात अजून एक वर्ष बाकी होते. तो कॅल्गरीसाठी एकही सामना खेळला नव्हता. तरी हा पण निघून जाईल या भीतीने ऑगस्टमध्येच त्याला आठ वर्षांचा, ८ कोटी ४० लाखांचा करार देण्यात आला. आदल्या वर्षी फ्लोरिडात त्याचे ११५ गुण होते. कॅल्गरीत पहिल्या वर्षी झाले ५५. दुसऱ्याच्या कारखान्यात, दुसऱ्या जोडीदारांबरोबर केलेल्या कामाचा भाव आपल्या कारखान्यात लावला की असे होते.

कादरीचा करार याच पाठोपाठ झाला. त्याच्यासाठी थैलीत जागा नव्हती. शॉन मोनाहन हा दुखापतींनी बेजार झालेला खेळाडू ६३ लाख ७५ हजारांची जागा अडवून बसला होता. मॉन्ट्रियल संघाने त्याला घ्यावे म्हणून कॅल्गरीने वर पहिल्या फेरीची एक पाळी दिली. पडून राहिलेला माल कोणी उचलून न्यावा म्हणून त्यालाच पैसे देण्यासारखे हे. अशा वेळी कादरीच्या कराराची खरी किंमत ४ कोटी ९० लाख नव्हे, त्यात ती पाळीही धरली पाहिजे. शौकिनांच्या वादात हा भाग बहुधा सुटतो.

आणखी एक गंमत. कॅल्गरीला कादरी तीन वर्षे आधीच मिळाला असता. २०१९ मध्ये तो टोरँटो संघात होता आणि टोरँटोने कॅल्गरीशी सौदा ठरवला होता. पण कादरीच्या करारात काही संघांना नकार देण्याचे कलम होते आणि त्या यादीत कॅल्गरीचे नाव होते. त्याने नकार दिला. मग टोरँटोने त्याला कोलोरॅडोला धाडले. करारातील अशी कलमे सही करताना फुकट दिल्यासारखी वाटतात, कारण त्यात आकडा नसतो. बिल नंतर येते. टोरँटोला बदल्यात मिळालेला टायसन बॅरी एका हंगामानंतर मोकळा होऊन निघून गेला आणि कादरीने कोलोरॅडोला चषक मिळवून दिला.

पुढे काय झाले

२०२२-२३ मध्ये कॅल्गरीचा संघ दोन गुणांनी बाद फेरीबाहेर राहिला. ट्रेलिव्हिंग यांनी संघ सोडला, प्रशिक्षकाला काढण्यात आले. तिकडे काचकच्या फ्लोरिडाने २०२४ आणि २०२५ असे लागोपाठ दोन वेळा चषक जिंकले. कादरीबाबत मात्र टीकाकारांचा अंदाज निदान पहिली काही वर्षे तरी खोटा ठरला. २०२४-२५ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्याने ३५ गोल केले. एका हंगामात इतके गोल त्याने तरुणपणीही केले नव्हते. करार २०२९ पर्यंतचा आहे आणि तेव्हा तो ३८ वर्षांचा असेल, तेव्हा शेवटच्या दोन वर्षांचा हिशेब अजून बाकी आहे.

लांब करारातून मालकाला सुटका हवी असेल तर पैसे देऊन करार मोडण्याची सोय नियमात आहे. उरलेल्या पगाराचे दोन तृतीयांश, उरलेल्या वर्षांच्या दुप्पट काळात द्यायचे (२६ वर्षांखालील खेळाडूंसाठी एक तृतीयांश). मिनेसोटा संघाने २०१२ मध्ये दोन खेळाडूंना प्रत्येकी १३ वर्षांचे करार दिले आणि २०२१ मध्ये दोन्ही मोडले. परिणामी २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही हंगामांत, बर्फावर नसलेल्या माणसांपायी, त्यांच्या मर्यादेतील १ कोटी ४७ लाखांची जागा दर वर्षी रिकामी गेली.

मालकांना स्वतःच्याच सहीपासून वाचवण्याचा उपाय शेवटी नियमातच शोधण्यात आला. २०२५ मध्ये मालक आणि खेळाडूंच्या संघटनेने मान्य केलेल्या नव्या करारानुसार १६ सप्टेंबर २०२६ पासून स्वतःच्या खेळाडूला जास्तीत जास्त सात आणि बाहेरच्याला सहा वर्षांचाच करार देता येईल, असे ठरले.