कट्यार पाहायला गेलो होतो

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी पहिल्यांदा गेलो ते १९८५ साली, शस्त्रं बघायला. कॉलेजातलं वय, कट्यार म्हटलं की १९६७चं ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक आणि शिवकाल, एवढंच डोक्यात. तिची मूठ पाहिली आणि खिळून राहिलो. दोन उभ्या पट्ट्या, मध्ये आडवी पकड. मुठीत धरली की पातं हाताच्या रेषेतच पुढे येतं आणि अख्ख्या खांद्याचा जोर टोकाशी पोहोचतो. बिचव्याचं पातं तर विंचवाच्या नांगीसारखं दोनदा वळलेलं. त्या दिवशी विळ्या आणि अडकित्ते मात्र मी चालता चालताच पाहिले.

दिनकर केळकरांचा चष्म्यांचा व्यवसाय होता आणि ‘अज्ञातवासी’ या नावानं ते कविता लिहीत. १९२०च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली आणि पुढे सगळा संग्रह सरकारच्या हवाली केला. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्याला दिलं. तलवार जपावी हे कुणालाही सुचतं; भाजी चिरायची विळीही जपावी हे त्या काळात त्यांना सुचलं. मला त्यांचं मोठेपण इथे वाटतं. आमच्या घरात त्याच वेळी जुन्या विळ्या मोडीत जात होत्या.

नव्वदच्या दशकात मी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, बुधवारी आणि रविवारी, फेऱ्या मारू लागलो. पहिली घेतली ती शिंगाच्या मुठीची एक सुरी. गंजलेली होती म्हणून हौसेनं पॉलिश करून आणली. आरशासारखी चकाकली, पण नंतर एका जाणकारानं ती हातात घेतली आणि नुसती मान हलवली. काही जुन्या पोलादावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असते, तिला जौहर म्हणतात. माझ्या सुरीवर ती होती की नव्हती, हे आता नुसतं पाहून कळत नाही. त्या दिवसापासून मी पात्याला तेलाचा बोळा आणि मऊ फडकं यांपलीकडे काही लावलेलं नाही.

कायदाही तेव्हाच शिकलो. १९५९च्या शस्त्र कायद्याखालचे नियम नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला शस्त्र मानतात. घरकामाची आणि शेतीची हत्यारं मात्र त्यातून वगळली आहेत. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू १९७२च्या पुरावस्तू कायद्यामुळे देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या मराठी नातेवाइकांनी आजोबांची कट्यार मागितली, तर मी आधी हे सांगतो.

पुढे माझं मन विळीकडेच वळलं. सुरीत पातं हलतं आणि वस्तू थांबते. विळीत पातं पाटावर रोवलेलं आणि भाजी हातानं त्यावर ढकलायची. एक पाय पाटावर दाबलेला, दोन्ही हात मोकळे, टोकाला नारळ खवायची दातेरी खवणी. स्वयंपाक ओट्यावर गेला, माणसं उभी राहिली आणि जमिनीवरच्या या हत्याराची जागाच गेली. मग घडीची स्टीलची विळी आली. ती सोयीची आहे खरी, पण लोहारानं भट्टीत तापवून पाणी दिलेल्या पात्याची धार तिला नाही, हे मी हातानं चिरून सांगतो.

आज माझ्याकडे बारा विळ्या आहेत. पाहुणे आले की मी आधी आजीची दाखवतो. तिचं पातं मधोमध बोटभर झिजून आत गेलं आहे, कारण भाजी नेमकी त्याच जागी यायची. धारवाला सायकल घेऊन गल्लीत आला की आजी पदर खोचून स्वतः विळी घेऊन खाली जायची आणि अंगठ्यानं धार तपासूनच पैसे द्यायची. शेवटची धार लागली २००३च्या दिवाळीआधी. त्यानंतर मी ती लावू दिलेली नाही.