अकराचा पाढा

शिवणीची एक जुनी, चांगली मुरलेली फळी, शिसपेन्सिलीचे बोटभर थोटूक, गुण्या, खतावणी आणि रंधा एवढे साहित्य पडवीत पुढ्यात मांडून मिस्त्री मांडी घालून बसले आणि म्हणाले, "गुरुजी, माप सांगा." मी खिशातला कागद काढून वाचले : लांबी ५ इंच ४ सूत, रुंदी २ इंच ६ सूत, जाडी १ इंच ३ सूत. इंचाचे आठ सूत हा हिशेब ज्यांच्या हाडीमाशी खिळलेला आहे अशा त्या वृद्ध कारागिराने क्षणभर डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटले आणि मग, इतक्या वर्षांच्या ओळखीत मी त्यांच्या मुखावर क्वचितच पाहिलेल्या प्रसन्नतेने ते म्हणाले, "म्हणजे चव्वेचाळीस, बावीस आणि अकरा. हा तर अकराचा पाढा झाला!"

आमच्या गावच्या बालवाडीसाठी लाकडी ठोकळ्यांचा एक संच करवून घ्यावा, असा संकल्प मी गेल्या वर्षी केला होता. ही मापे माझी नव्हेत. १९१४ साली न्यूयॉर्क शहरात लहान मुलांसाठी स्वतःची शाळा काढणाऱ्या कॅरोलाइन प्रॅट या शिक्षिकेने ती ठरविली. ही बाई स्वतः सुतारकाम शिकलेली होती, आणि म्हणूनच, मुलाला शोभिवंत वस्तू देण्यापेक्षा प्रमाणबद्ध वस्तू देणे अधिक अगत्याचे आहे, हे तिच्या ध्यानी आले असावे. जाडीच्या दुप्पट रुंदी, रुंदीच्या दुप्पट लांबी, एवढाच तिच्या ठोकळ्याचा कायदा. पण त्या कायद्यामुळे दोन अर्धे मिळून एक पुरा होतो, दोन पुरे मिळून एक दुणा होतो, आणि अपूर्णांक हा शब्दही न ऐकलेले मूल अपूर्णांकांशी दोन्ही हातांनी व्यवहार करू लागते. तिच्याही पूर्वी, १८३७ साली, जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग येथे फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी बालकांच्या शिक्षणाची जी संस्था उघडली, तिच्यातील खेळसाहित्यात आठ छोट्या घनांत विभागलेला एक लाकडी घन होता. मुलाने तो मोडावा, त्यातून काही रचावे आणि शेवटी ते आठही घन पुन्हा एकत्र आणून मूळचा घन सिद्ध करावा, अशी त्यामागची योजना होती.

माझ्या स्वतःच्या बालपणी असले काहीही शास्त्र आमच्या वाट्याला आले नव्हते. वडील तालुक्याच्या मामलेदार कचेरीत कारकून. घराला माडी चढविण्याचे काम निघाले, तेव्हा सुतारांनी कापून टाकलेले सागाचे, फणसाचे तुकडे आम्ही भावंडांनी रॉकेलच्या रिकाम्या डब्यात साठविले, आणि पुढची चारपाच वर्षे तो डबा आमचे सर्वस्व झाला. आम्ही रचीत असू ती बहुधा कचेरीच. फणसाचा गाठाळ, बुटका तुकडा हा मामलेदार. लांबट पट्टी हा दाराशी उभा असलेला पट्टेवाला. चपट्या चकत्या ही दप्तरे. धाकटी बहीण फिर्याद घेऊन येई, थोरला भाऊ जप्तीचा हुकूम देई, आणि भोजनाची हाक आली की मुकदमा तहकूब होई. ज्या शब्दांचे अर्थ आम्हांला अवगत नव्हते त्या शब्दांवर आम्ही अख्खे राज्य चालविले. परंतु एक शल्य राहिले. त्या तुकड्यांत दोन तुकडे एकसारखे नव्हते. कोणी बोटभर उंच, कोणी एका बाजूने तिरकस. त्यामुळे खालच्या भिंती कशाबशा उभ्या राहात, पण वर माडी चढवू लागलो की सगळी कचेरी मामलेदारासह कोसळे. आपल्या हातांनाच यश नाही, असे मला वाटत राहिले. तो दोष हातांचा नव्हता, मापाचा होता, हे मला मिस्त्रींच्या पडवीत बसल्यावर, म्हणजे तब्बल साठ वर्षांनी, उमगले.

मिस्त्रींनी शिवण निवडली त्याचे कारण त्यांनी एका वाक्यात सांगितले : सागवान जड आणि महाग, आंबा वाळताना वाकडा होतो, शिवण हलकी असते आणि एकदा वाळली की बसल्या जागी राहते. प्रथम त्यांनी फळीची एक बाजू रंध्याने सपाट केली, तिच्याशी काटकोनात दुसरी केली, आणि या दोन बाजू गुण्याने पारखून त्यांच्यावर पेन्सिलीने खुणा घातल्या. पुढची सर्व मापे या दोन बाजूंवरूनच घ्यावयाची, कारण ज्याच्या आधाराने मोजायचे ते आधी खरे असले पाहिजे. मग खतावणीने जाडीची रेघ ओढली. मला वाटले होते, चव्वेचाळीस सुतांचा एक तुकडा मध्यावर कापला की बावीस सुतांचे दोन अर्धे तयार होतील. मिस्त्रींनी मान हलविली. "करवत आपला वाटा आधी घेते, गुरुजी," ते म्हणाले. करवतीच्या दातांखाली जेवढ्या लाकडाचा भुसा होतो तेवढे लाकूड दोन अर्ध्यांतून कमी होणार. म्हणून प्रत्येक अर्धा स्वतंत्र मापाने, थोडा अधिक ठेवून कापायचा आणि मग रंध्याने अंगाअंगाने उतरवीत अचूक मापावर आणायचा. कागदावर निमपट करणे आणि लाकडाचे निमपट करणे यांत केवढे अंतर आहे, हे माझ्यासारख्या आयुष्यभर फळ्यावर गणित शिकविलेल्या मनुष्याला त्या दिवशी प्रथम कळले.

त्यांची अखेरची परीक्षा मात्र गुण्याचीही नव्हती. तयार झालेले दोन ठोकळे ते पाठीला पाठ लावून डोळ्यांसमोर, पडवीबाहेरच्या उन्हाच्या दिशेने धरीत आणि एक डोळा मिटून पाहत. दोहोंच्या मधून उजेडाची केसाएवढी रेघ जरी दिसली, तरी त्यांतला एक तुकडा खोटा. तो कोणता, ते तिसऱ्या ठोकळ्याशी ताडून ठरवायचे आणि त्याला पुन्हा रंध्याखाली घ्यायचे. इतकी खातरजमा मुलांच्या खेळण्यासाठी कशाला, असे मी एकदा विचारले. हातातले काम न थांबविता ते म्हणाले, "मोठ्या माणसाचं कपाट कलतं असलं, तर तो खाली पाचर मारतो. पोरानं काय मारायचं?" एकेका ठोकळ्यातली अर्ध्या सुताची चूक दहा ठोकळ्यांच्या मनोऱ्यात पाच सुतांची होते, आणि तो मनोरा पडला की मुलाला करवतीचा दोष दिसत नाही, स्वतःचाच दिसतो. माझ्या बालपणाची माडी का पडली, याचा इतका स्पष्ट निकाल मला कोणी दिला नव्हता.

शेवटी काचकागदाने सर्व कडा हलकेच मोडल्या, म्हणजे बोटांना टोचू नयेत एवढ्याच. अधिक गोल केल्या तर ठोकळा ठोकळ्यावर नीट बसत नाही. रंग दिला नाही. लाल रंगाच्या ठोकळ्याला मूल लाल वस्तूच म्हणेल. बिनरंगी ठोकळा मात्र सकाळी पाव, दुपारी रेल्वेचा डबा आणि सायंकाळी आजारी माणसाची खाट होऊ शकतो. दीड महिन्यात पुरे ठोकळे ४८, दुणे २४, चौपट १२ आणि अर्धे १२, असे ९६ नग मिस्त्रींनी माझ्या हवाली केले.

जून महिन्यापासून दिवाळीपर्यंत आठवड्यातले तीन दिवस मी बालवाडीच्या कोपऱ्यात भिंतीशी बसून राहिलो. प्रॅटबाईंच्या सहकारी हॅरिएट जॉन्सन यांनी १९३३ साली मुलांच्या ठोकळेरचनेवर जो प्रबंध लिहिला, त्यात या खेळाच्या पायऱ्या नोंदविल्या आहेत, आणि त्या जवळजवळ त्याच क्रमाने माझ्यासमोर घडत गेल्या. आरंभी मुले काही रचीतच नाहीत. ठोकळे नुसते उचलून इकडून तिकडे वाहून नेतात, जणू वजनाची ओळख करून घेतात. मग आडव्या रांगा आणि उभे मनोरे. एकदा जमले की तेच पुनःपुन्हा. त्यानंतर पूल येतो, आणि तो सहजासहजी येत नाही. चार वर्षांच्या एका मुलीने दोन ठोकळे उभे केले आणि वर तिसरा ठेवू गेली, तो मधल्या पोकळीतून खाली पडला. तिने तो पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. खांब जवळ आणावेत, हे तिला सुचले नाही. ती उठली, पेटीपाशी गेली, पुष्कळ वेळ शोधून दुणा ठोकळा घेऊन आली, आणि तो वर बसल्यावर दोन्ही हात मागे घेऊन इतकी निश्चल बसून राहिली की मीही श्वास रोखला. जोडरचनेच्या ज्या प्लास्टिकच्या विटांचे पेटंट डेन्मार्कमध्ये १९५८ साली घेतले गेले, त्या एकमेकींना घट्ट धरून ठेवतात, आणि त्यांचाही स्वतंत्र आनंद आहे. परंतु या मोकळ्या ठोकळ्यांना स्वतःचा भार आणि मुलाचा धीर यांखेरीज दुसरा आधार नाही. ती मुलगी जे शिकली ते त्या निराधारपणामुळेच शिकली.

याच काळात माझ्या हातून एक अपराध घडला. एक अबोल मुलगा तीन दिवस एक लांबलचक, नागमोडी रचना करीत होता. चौथ्या दिवशी कौतुकाने मी विचारले, "बाळा, हे काय केलंस?" त्याने माझ्याकडे पाहिले, रचनेकडे पाहिले, "काय नाय," म्हणाला आणि पायाने सर्व मोडून टाकले. बालवाडीच्या ताई मला काही बोलल्या नाहीत. पण त्या स्वतः मुलांना हा प्रश्न कधीच विचारीत नाहीत, हे त्या दिवसानंतर माझ्या लक्षात आले. ज्याला अद्याप नाव नव्हते त्याला मी नाव मागितले होते. मोठ्यांची कामगिरी माप खरे करण्यापुरती. त्यानंतर त्यांनी गप्प राहावे, ही अट पाळणे मला मिस्त्रींच्या कामापेक्षाही अवघड वाटते.

पावसाळा सरता सरता नावे आपोआप आली. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा महागड्या साधनांच्या जागी शिंपले, गोटे, बिया असे परिसरातले साहित्य त्यांनी मुलांच्या हाती दिले होते. त्यांचे स्मरण ठेवून ताईंनी ठोकळ्यांच्या शेजारी शिंपल्यांची आणि चिंचोक्यांची एकेक टोपली ठेवली. लगोलग ठोकळ्यांची कुंपणे झाली, कुंपणांचे गोठे झाले. शिंपले या गाई, चिंचोके ही वासरे. कोणाची गाय व्याली, कोणाची कोंडवाड्यात गेली, आणि ती सोडवून आणण्यासाठी दोन वकिलांत जे भांडण जुंपले ते ऐकताना मला आमच्या कचेरीतला तो गाठाळ मामलेदार आठवून भरून आले.

दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी ठोकळ्यांची दुसरी पेटी घेऊन मिस्त्री स्वतः बालवाडीत आले. पूल रचणारी तीच मुलगी त्या वेळी गोठ्यावर माळा चढवीत होती. चारी भिंती समपातळीत, वर चौपट ठोकळ्यांची तक्तपोशी, आणि तिच्यावर पुन्हा भिंती. "आजोबा, हा धरा," म्हणून तिने एक ठोकळा त्यांच्या हाती दिला. ते गुडघे टेकून बसले, दाखविलेल्या जागी तो त्यांनी ठेवला, आणि जन्माच्या सवयीने एक डोळा मिटून सांध्याकडे पाहिले. उजेडाची रेघ नव्हती. त्यांच्या मुद्रेवरचे समाधान मला दुरूनही दिसले.

मुलीने मात्र मान तिरपी करून आत डोकावले. "आत काळोख आहे. गाईंना दिसत नाही," असे म्हणून तिने मिस्त्रींनी ठेवलेला ठोकळा दोन बोटांनी हलकेच सरकविला, भिंतीत अर्ध्या ठोकळ्याएवढी खिडकी पडली आणि दारातून येणारे दुपारचे ऊन आतल्या शिंपल्यांवर पोचले. मिस्त्री तसेच बसून होते. मग त्यांनी वाकून खिडकीतून आत पाहिले आणि मुलीला विचारले, "आणखी एक पाडायची का, पलीकडून?"