कर्जाचे ओझे आणि दर शेअरमागील प्राप्ती

उधारीचा आणि व्याजाचा विचार आपल्या पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे. परंतु आज बडोद्यातील अनेक व्यापारी कुटुंबांची शिल्लक कंपन्यांच्या शेअरांत गुंतलेली असते, आणि तेथे कर्जाचा हिशेब दुहेरी मांडावा लागतो.

समजा, एका कारखान्यास दहा लाख रुपये लागतात. सर्व रक्कम दहा रुपयांचे एक लाख शेअर विकून उभी केली आणि वर्षाला दीड लाख नफा झाला, तर दर शेअरमागे दीड रुपया पडेल. तूर्त करांचा विचार सोडून देऊ. आता निम्मी रक्कम दहा टक्के व्याजाने कर्जाऊ घेतली, तर व्याजाचे पन्नास हजार वजा जाऊन एक लाख उरतो. शेअर मात्र पन्नास हजारच, म्हणून प्राप्ती दोन रुपये होते. कर्जाचा मोह पडतो तो येथेच! पण मंदीच्या वर्षी नफा पन्नास हजारांवर आला, तर बिनकर्जी कंपनीस पन्नास पैसे मिळतात आणि कर्जदार कंपनीस शून्य. मिळकतीचा दर व्याजाच्या दराहून अधिक आहे तोवरच कर्ज भागधारकाचे मित्र असते.

दुसरा आघात याहून सूक्ष्म आहे. कर्ज फिटेनासे झाले की कंपनीस नवे शेअर काढावे लागतात, आणि जुन्या भागधारकाचा वाटा पातळ होतो. तुलसी तांती यांनी 1995 साली स्थापिलेल्या, पुण्यात मुख्यालय असलेल्या सुझलॉन या पवनचक्क्यांच्या कंपनीचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. 2007 साली तिने जर्मनीची रिपॉवर ही कंपनी मुख्यतः कर्जाच्या बळावर मिळविली. पुढे जागतिक मंदी आली, आणि ऑक्टोबर 2012 मध्ये परकीय चलनातील परिवर्तनीय रोख्यांचे सुमारे 20 कोटी डॉलर देणे तिला जमले नाही. 2015 साली दिलीप संघवी (ज्यांच्या सन फार्माचे नोंदणीकृत कार्यालय आपल्या बडोद्यातच आहे) व त्यांच्या सहकाऱ्यांनी 18 रुपये दराने 100 कोटी शेअर घेतले. रिपॉवर, जिचे नाव तोवर सेनव्हियन झाले होते, तीही त्याच वर्षी विकावी लागली. 2020 च्या कर्ज-पुनर्रचनेत धनकोंनाच शेअर द्यावे लागले. 2022 साली पाच रुपये दराने 240 कोटी हक्क-शेअर निघाले, आणि 2023 साली 17 रुपये 55 पैसे दराने आणखी 2,000 कोटी रुपये उभारल्यावर कर्जाचा बोजा उतरला.

2008 साली या कंपनीचे शेअर सुमारे 150 कोटी होते. 2023 अखेर ते साडेतेराशे कोटींच्या पुढे गेले. 2023-24 साली 660 कोटी नफा झाला, तरी दर शेअरमागे जेमतेम पन्नास पैसे आले. जुन्या संख्येवर हाच नफा चार रुपयांहून अधिक भरला असता. ही तुलना काहीशी निष्ठुर आहे खरी, कारण नवे भांडवल आले नसते तर कंपनी तगलीच नसती.

वार्षिक अहवालात दर शेअरमागील प्राप्तीचे दोन आकडे छापलेले असतात. परिवर्तनीय रोखे उद्या शेअर झाले तर काय उरेल, हे त्यांतील दुसरा आकडा सांगतो. घरात अहवाल येताच प्रथम तो पाहावा.