पान्हा आणि पंप

बाळंतपणाची रजा संपून हिंजवडीतील कचेरीत पुनश्च रुजू होणाऱ्या एका वाचक भगिनीने विचारले आहे, की बाळाला अंगावर न पाजता केवळ पंपाने काढलेले दूध दिले, तर त्याच्या पोषणात काही उणे राहील काय.

आडातील पाणी चढले म्हणजे झऱ्याचा ओघ मंदावतो आणि उपसा वाढताच तो पुन्हा जोर धरतो, तद्वत साचलेले दूधच नव्या दुधाच्या निर्मितीला आवर घालते. म्हणून सर्वस्वी पंपावर विसंबणाऱ्या मातेने, विशेषतः प्रारंभीच्या आठवड्यांत, रात्र न वगळता दिवसाकाठी आठ-दहा वेळा उपसा करणे अगत्याचे असते. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिन या संप्रेरकाच्या हुकमाने, आणि बाळाच्या नुसत्या रडण्याने फुटणारा हा पान्हा यंत्राच्या घरघरीने फुटेलच असे नाही. सबब बाटलीवरील रेषा पाहून ‘मला दूधच नाही’ असा निष्कर्ष काढणे हा त्या मातेने स्वतःवर केलेला अन्याय होय.

आता दूध वाहते कसे, तेही पाहू. लंडनचे शल्यविशारद सर अ‍ॅस्टली कूपर यांनी दुग्धवाहिन्यांत रंगीत मेण भरून सिद्ध केलेली चित्रे १८४० साली प्रसिद्ध झाली आणि दीडशे वर्षांहून अधिक काळ प्रमाण मानली गेली. पुढे पर्थ येथील संशोधक पीटर हार्टमन यांच्या सहकाऱ्यांनी दूध देणाऱ्या मातांची सोनोग्राफीने चित्रे घेतली, तेव्हा स्तनाग्रामागे दूध साठविणाऱ्या म्हणून शिकविल्या जाणाऱ्या पिशव्या आढळल्याच नाहीत. शिवाय बाळाची जीभ खाली जाऊन मुखात जी निर्वात ओढ उत्पन्न होते, तिच्यामुळेच मुख्यतः दूध वाहते, असेही दिसून आले. तेव्हा पंपाचे तत्त्व बाळाचेच आहे!

काढलेल्या दुधाला हिणविणाऱ्यांनी नवजात शिशुतज्ज्ञ डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांचे कार्य अवश्य जाणून घ्यावे, ज्यांचे नाव आपल्याकडे पुरेसे घेतले जात नाही. चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या अर्भकाला चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ सहसा साधत नाही. अशा अर्भकांसाठी त्यांनी १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात आशियातील पहिली मातृदुग्धपेढी स्थापिली, आणि आज आपल्या पुण्याच्या ससून रुग्णालयातही तशी पेढी आहे. तेथे दात्या मातांचे दूध ६२.५ अंशांवर तीस मिनिटे तापवून निर्जंतुक करतात. त्यात काही संरक्षक द्रव्ये घटतात, तरीही आईचे दूध अपुरे पडले असता वरच्या दुधापेक्षा तेच श्रेयस्कर ठरते.

म्हणून माझे उत्तर असे, की दूध निःसंशय द्यावे. मात्र ते शीतकपाटात चार दिवसांपलीकडे ठेवू नये आणि जमेल तेव्हा अंगावरही पाजावे. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची तजवीज करणे आणि मातेला तेथे दिवसातून चार वेळा जाऊ देणे बंधनकारक केले. ही तरतूद आपल्या कचेरीत अमलात आहे की नाही, हे रुजू होण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.